ते काय करतात ते लिहा

झरी
३ मार्च १९७४

चि. सौ. पंचफुला हीस सिताराम मास्तरचा जयभीम आणि आशीर्वाद.

आधी बातमी सांगतो, खुशाली मागून विचारतो. सूर्यभान बोलला.

एवढं लिहून मी थांबलो होतो. तुझ्या आत्याबाई पाठीशी उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, तरी म्हणाल्या, "आधी नातीच्या हनुवटीचं इचारा. टाके वाळले का म्हणून इचारा. तुमी आपलंच घोडं पुढं दामटायलाव." तर सुमनची हनुवटी कशी आहे ते कळव. त्या भांड्याच्या गोष्टीवर आज काही लिहीत नाही. ती होऊन गेली.

झालं असं, की मी सकाळी ओट्यावर उन्हाला बसलो होतो. पोरं शाळेला चालली होती. मला आता शाळा नाही, पण प्रार्थनेची घंटा ऐकली की जीभ चाळवतेच. मी माझीच ती जुनी कविता म्हणू लागलो. तुला ती ठाऊक आहे. लग्न होऊन आलीस त्या वर्षी तुला चौथीच्या परीक्षेला बसवताना मी ती पाठ करून घेतली होती, आणि तू चुलीपुढं भाकरी थापता थापता म्हणायचीस.

हळूच येतो माळावरुनी
हुरड्याचा हा वारा,

एवढं म्हटलं आणि आतून, बाजेवरून, आवाज आला:

झोपेमधल्या कणसांवरती
उजेड सांडे सारा.

स्वच्छ. एकही अक्षर न गिळता. मी उठलो तो धोतरात पाय अडकून पडता पडता वाचलो. आत जाऊन बघतो तर सूर्यभान भिंतीकडे तोंड करून पुढचं कडवं म्हणतोय. चारही कडवी म्हणाला. दुखापत झाल्यापासून ज्याच्या तोंडून 'दोर' या एका शब्दाशिवाय काही निघालं नाही, पाणी पाहिजे तरी दोर, ऊन लागलं तरी दोर, तुला हाक मारायची तरी दोर, त्या माझ्या लेकानं चार कडवी म्हटली.

ही कविता मी केली ती निजामशाही गेली त्या सुमाराला. शाळेत मराठी आली होती, पण पुस्तकं परभणीहून येता येता पावसाळा सरला. मी स्वतः शिकलो उर्दूत, तेही वर्गाच्या दाराशी बसून, आत घेत नसत म्हणून. मराठी कविता माझ्या तोंडात आली ती पोरांच्या बरोबरीनंच. पुस्तक नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा मीच चार ओळी जुळवल्या, आणि पहिलीच्या वर्गात, चटईवर, नाकाला शेंबूड असलेला सूर्यभान माझ्याकडे बघत त्या म्हणाला. त्याला पुढं शाळा आवडली नाही, विहिरी आवडल्या. पण कविता राहिली ना आत. मास्तरचं काम वाया जात नाही बघ.

आता तू निघून ये. देवगाव फाट्यावर सकाळची गाडी मिळते, परभणीला उतरलीस की जिंतूरच्या गाडीनं झरी. जखम भरून आली आहे. वर केसही आले आहेत, टोपी घातली की काही दिसत नाही.

सिताराम


झरी
२४ मार्च १९७४

चि. सौ. पंचफुला हीस आशीर्वाद.

तुझं कार्ड पोहोचलं. अक्षर सुधारलं आहे, वेलांट्या आता गोल येतात. मजकूर मात्र एवढासाच. "मामा, ते माझं नाव घेतात का. सुमनचं घेतात का." दोन्ही ठिकाणी प्रश्नचिन्ह दिलेलं नाहीस.

घेईल. चार कडवी म्हणणाऱ्याला दोन नावं जड नाहीत. मी पाटी-पेन्सिल काढली आहे. तुझं नाव मोठ्या अक्षरात काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं पाटी घेतली, उलटसुलट बघितली, खाली ठेवली आणि तिच्यावर बसला. तुझ्या आत्याबाईंना हसू आलं. मलाही आलं. मग तोही हसला. पण त्याचं हसू थांबेचना. हसता हसता त्याच्या डोळ्यांना धार लागली आणि कुठं हसणं संपून रडणं सुरू झालं ते आम्हाला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

परवा सटवाजी येऊन गेला. विहिरीच्या कामावरचा सूर्यभानचा जोडीदार तो. अजून घरात येत नाही, ओट्याच्या कडेलाच बसतो. मी त्याला परत तेच विचारलं आणि त्यानं परत तेच सांगितलं. तो खाली विहिरीत होता. वर, दगड ओढून घ्यायच्या यारीच्या हँडलवर सूर्यभान. दगडांनी भरलेलं लोखंडी टोपलं अर्ध्यावर आलं आणि यारीचा अडकवायचा दात निसटला. हँडल उलटं फिरायला लागलं.

"मास्तर, त्यानं सोडून बाजूला व्हायचं. कोनीबी झालं असतं," सटवाजी म्हणाला. "पर मी खाली होतो ना. त्यानं हँडलमंदी पहार घातली. टोपलं माझ्या डोस्क्यावर हातभर ऱ्हायलं असंल, तितंच आटकलं. आन् ती पहार उलटून त्याला लागली."

डाव्या कानाच्या वर लागली. मग उजवा हात का लुळा पडला? उजवा पाय का ओढतो? मार एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूनं गेला, हे कसं? आणि मार डोक्याला बसला तर शब्द कुठं गेले, ते तर तोंडात असतात. सटवाजीला हे विचारलं तर तो म्हणाला, "मास्तर, तुमालाच कळंना तर मला काय इचारायलाव."

तुझा विश्वास बसत नसेल तर दत्तरावांना पाठव. तुझे थोरले भाऊ आहेत, त्यांच्या डोळ्यांवर तर तुझा विश्वास आहे. जयंती झाली की पाठव. तोवर मी त्याची तयारी करून घेतो.

सिताराम


झरी
२१ एप्रिल १९७४

चि. सौ. पंचफुला हीस.

दत्तराव पोहोचले असतील. त्यांनी जे सांगायचं ते सांगितलं असेल. तरी माझं ऐक.

पूर्वी इन्स्पेक्टर साहेब शाळा बघायला यायचे तेव्हा आम्ही मास्तर लोक एक करायचो. ज्याला कविता चांगली पाठ आहे त्या पोराला साहेबांच्या अगदी समोर बसवायचं, आणि साहेबांनी काही विचारायच्या आत त्यानं सुरू करायचं. चार कडवी होईतो चहा येतो. साहेब खूश होतात, शेरा चांगला पडतो, आणि मागच्या रांगेला काही येत नाही हे झाकून जातं. यात लबाडी आहे असं मला कधी वाटलं नाही. पोराला येतं तेच तर दाखवायचं.

तसंच केलं. जयंतीच्या दिवशी त्याला विहारापुढच्या स्टेजवर उभं केलं होतं, तिथं तो सुरेख म्हणाला. टाळ्या पडल्या. लोकांनी माझे हात धरले, मास्तर, तुमचं पोरगं परत आलं, म्हणाले. मला त्या रात्री झोप लागली नाही, आनंदानं. म्हणून दत्तराव आले त्या दिवशी मी निश्चिंत होतो. दाढी करून दिली, पांढरा सदरा घातला, डोक्यावर टोपी. दत्तराव बसले न बसले तोच मी खूण केली. चारही कडवी म्हणाला. दत्तरावांचे डोळे भरले. "दाजी, लय झ्याक," म्हणाले.

मग जवळ सरकून म्हणाले, "दाजी, वळखलं का मला?"

सूर्यभाननं पहिलं कडवं म्हटलं.

दत्तराव हसले. त्यांना वाटलं चेष्टा आहे. "आवो वळखलं का? दत्ता. पंचफुलाचा दादा."

त्यानं परत पहिलं कडवं म्हटलं. जरा जोरात.

"सुमन लय आठवन काढायलीय तुमची. सुमन. तुमची लेक."

त्यानं दत्तरावांच्या तोंडाकडे बघितलं. ओठ हलवले. त्या वेळी त्याच्या कपाळाला घाम फुटलेला मी बघितला, आणि तरी मला वाटलं, आता म्हणेल. त्यानं पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं. आता भरभर, एक कडवं दुसऱ्यावर चढवत, तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ गळतेय, तरी थांबत नाही. मी म्हणालो, सूर्यभान, बस. त्याला थांबता येईना. तुझ्या आत्याबाई आतून आल्या आणि त्यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्यानं त्यांना ढकललं. त्या चौकटीवर आदळल्या. फार लागलं नाही, खांदा थोडा सुजला.

दत्तरावांनी चहा घेतला नाही. दारात वाहाणा घालताना एवढंच म्हणाले, "मास्तर, तुमी माझ्या भयनीला हे ऐकायला बोलवायलाव का?"

ते गेल्यावर तुझ्या आत्याबाई खांद्याला हळद लावत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमच्या कवितेखाली पोरगं झाकून ठिवलं तुमी."

मी काय झाकलं? तो म्हणतो ना? त्याच्याच तोंडून येतं ना? मला सांग बाई, जे येतं ते त्याचं नाही तर कुणाचं आहे?

सिताराम


झरी
१३ मे १९७४

चि. सौ. पंचफुला हीस.

दत्तरावांचं पत्र आलं. काडीमोडीचं लिहिलं आहे. चार माणसांत बसून, भांडण न करता. पत्रात कुठं राग नाही, म्हणून जास्त लागलं. माझा होकार एवढाच मागितला आहे. तू तरुण आहेस, पुढं सगळं आयुष्य आहे, हे त्यांनी लिहिलेलं नाही. न लिहिता कळतं.

उत्तर द्यायच्या आधी एकदा समजून घ्यावं म्हणून सूर्यभानला घेऊन परभणीला गेलो. ज्या डॉक्टरनं मागं त्याच्या डोक्याला टाके घातले तोच भेटला. तरुण आहे, बोलणं पुस्तकी आहे पण माणूस घाई करत नाही. मी त्याला कविता ऐकवली. म्हणजे सूर्यभानला ऐकवायला लावली. डॉक्टरनं शेवटपर्यंत ऐकली आणि टेबलावरची किल्ली उचलून त्याच्यापुढं धरली. "हे काय आहे?"

"दोर," सूर्यभान म्हणाला.

माझी मान खाली गेली. डॉक्टर म्हणाला, "बरं," आणि किल्ली त्याच्या डाव्या हातात दिली. सूर्यभान उठला, पाय ओढत कपाटापाशी गेला, कुलपात किल्ली घातली आणि फिरवली. कपाट उघडलं. मग बंद करून किल्ली परत आणून दिली.

"बघा," डॉक्टर म्हणाला.

काय बघा? मी बघितलं, पण काय बघायचं होतं ते मला कळलं नाही. तो समजावत होता. म्हणाला, पाठ केलेलं डोक्यात एका जागी राहतं आणि मनातलं बोलायचे शब्द दुसऱ्या जागी, मार त्या दुसऱ्या जागेला बसला आहे. डाव्या बाजूचं डोकं उजव्या हातापायाला चालवतं, तिथंही बसला आहे. रागाला लगाम घालायची जागाही अशीच कुठं तरी असते. मी म्हणालो, डॉक्टर साहेब, एवढ्याशा डोक्यात इतक्या खोल्या? तो म्हणाला, त्याहून जास्त.

मग मी शेवटचं विचारलं, की बरा कधी होईल.

"गुरुजी, जखम कधीच बरी झाली. हे जे दिसतं ते जखम बरी झाल्यानंतरचं आहे. थोडंफार सुधारेल. पहिल्यासारखं होणार नाही."

पहिल्यासारखं नाही म्हणजे कशासारखं, हे विचारायचं राहून गेलं. गाडीत बसल्यावर आठवलं. गाडीत तो कविता म्हणू लागला, लोक वळून बघू लागले. कधी नव्हे ती मला माझीच ओळ ऐकवेना. खिडकीकडे तोंड करून बसलो.

होकार लिहायला घेतला होता. शेवटच्या ओळीशी थांबलो आहे. मी ज्याचा बाप आहे तो आणि तू ज्याला दिलेली आहेस तो, हा तोच आहे का, हे मला कळलं म्हणजे ओळ पुरी करीन.

सिताराम


झरी
४ जून १९७४

चि. सौ. पंचफुला हीस आशीर्वाद.

तुझं कार्ड मी दोनदा वाचलं. "मामा, ते काय म्हणतात ते लिहू नका. ते काय करतात ते लिहा. सगळं लिहा. मग मी दादाला काय ते सांगते."

लिहितो.

कोंबडा आरवला की उठतो. स्वतःचं अंथरूण एका हातानं गोळा करतो, घडी होत नाही, तरी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. सदऱ्याच्या गुंड्या लावायला बसतो त्यात ऊन वर येतं. मदतीला गेलं की गुरगुरतो. उजवा हात आपला आहे असं त्याला वाटतच नाही. परवा तो चुलीच्या तापल्या आवेलाला टेकून भाजला, कातडी निघाली, तरी ह्याचं लक्ष नाही. आपण दाखवलं तेव्हा दुसऱ्याचं बघावं तसं बघितलं.

आडाच्या रहाटाची कुरकुर ऐकू आली की कोपऱ्यात जाऊन कान दाबून बसतो. म्हणून तुझ्या आत्याबाई आता पाणी आडावरून आणत नाहीत, लांबच्या हापशावरून आणतात. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, मलाच उशिरा कळलं.

शेजारच्या बायनाबाईच्या घरी मयत झाली तेव्हा मी त्याला सोबत नेलं होतं. तिथं तो हसला. माणसं बघायला लागली. मी त्याला हाताला धरून आणला. दुसऱ्या दिवशी बायनाबाई स्वतः आली आणि त्याच्यापुढं भुईमुगाच्या शेंगांचं पाटीभर ओझं ओतून म्हणाली, "बसून खातूस, फोड आता." ती शिक्षा होती की माया होती कोण जाणे. तेव्हापासून तो शेंगा फोडतो. डाव्या हातानं, दातानं, दिवसभर. एक दाणा खात नाही. शेंगा संपल्या की रिकामी टरफलं परत फोडत बसतो.

आता वाईट ते. संध्याकाळी त्याला राग येतो. रोज नाही, पण येतो, आणि नेहमी जेवणाच्या वेळेला. फाल्गुनापासून तो उठून चुलीपाशी येऊन बसायला लागला, तेव्हापासून जास्त. भाकरी होत असते आणि हा डावा हात पुढं करतो, तळवा वर. असा, भीक मागितल्यासारखा. तुझ्या आत्याबाई भाकरी ठेवतात, भिरकावून देतो. कालवण वाढतात, ताटली पालथी घालतो. गुळाचा खडा ठेवला, तोही टाकला. परत हात पुढं. मग दोर, दोर, दोर असं ओरडत भांड्यांवर उठतो. मला तो पसरलेला हात बघवत नाही, मी उठून बाहेर जातो. घर सांभाळायला एकट्या त्या असतात.

आणि पौषातलं. त्यानं ते पातेलं सुमनवर फेकलं नव्हतं, असं मी तुला लिहिणार होतो. पण खरं म्हणजे त्यानं ते कुणावर फेकलं हे मला माहीत नाही. लागलं ते सुमनला. तू तिला उचललंस आणि गेलीस. मी तुला दारात अडवून म्हणालो होतो, की एवढ्यातेवढ्यानं घर सोडतात का. ते माझं बोलणं चुकीचं होतं. रक्त बघून तू काय करायला पाहिजे होतंस, हे मला अजून सांगता येत नाही.

सगळं लिहा म्हणालीस, लिहिलं. यात शहाणा कुठं आणि वेडा कुठं, माझा सूर्यभान कुठं आणि तो मार कुठं, मला निवडता येत नाही. सोबत होकाराचा कागद ठेवला आहे. शेवटची ओळ पुरी केली आहे आणि सही आहे.

सिताराम


झरी
१९ जून १९७४

चि. सौ. पंचफुला हीस.

तुझं कार्ड वाचून तुझ्या आत्याबाईंना ऐकवलं. "मामा, पहिली भाकरी फुगली की तिचा वरचा पापुद्रा काढा. त्याच्यावर मीठ आणि करडीचं तेल. तो हातावर ठेवा. आत्याबाईंना माहीत नाही, त्या पाण्याला गेल्या की आम्ही खात होतो."

त्या आधी रागावल्या. "माझ्या चुलीपुढं, माझ्याच मागं? आन् मी इकडं म्हनायची, पहिल्या भाकरीला पापुद्रा का न्हाई, पीठच वाईट हाय म्हनून." मग तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग बराच वेळ पदर काढला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी केलं. मी बाहेर गेलो नाही. भाकरी फुगली, त्यांनी पापुद्रा सोलला, वर मीठ, वर तेलाचं बोट. त्यानं हात पुढं केला होताच. ठेवला. मी डोळे मिटून घेतले होते, भांडं कुठं आदळतं त्याची वाट बघत.

काही आदळलं नाही. डोळे उघडले तर तो खात होता. अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा हातात घेऊन त्यानं तो भिंतीच्या बाजूला धरला, जिथं तू पाट ठेवून बसायचीस तिकडं. तसाच धरून बसला. आत्याबाई म्हणाल्या, "दे मला." दिला नाही. हातातच वाळला तो. पण त्या संध्याकाळी भांडी जागेवर होती, आणि आजवर जागेवर आहेत.

मी तुला हे आनंदाची बातमी म्हणून लिहीत नाही. तशी एक बातमी मागं लिहिली होती. डॉक्टर म्हणाला होता, पाठ केलेलं वेगळ्या जागी राहतं. मग कविता जशी त्याच्या जिभेला पाठ आहे तसा पापुद्रा त्याच्या हाताला पाठ असेल. त्यात तू असशीलच असं नाही. का त्यानं किल्लीनं कपाट उघडलं तेव्हा डॉक्टर मला हेच दाखवत होता, की नाव गेलं तरी वस्तू जात नाही? मी दोन्ही बाजूंनी विचार करतो आणि दोन्ही बाजू पटतात. जन्मभर पोरांना कवितेचा अर्थ सांगत आलो. याचा सांगत नाही.

तुझ्या कार्डात त्या कागदाविषयी काही नव्हतं. मी विचारतही नाही.

सिताराम


झरी
९ जुलै १९७४

दत्तराव यांस सिताराम मास्तरचा जयभीम.

पंचफुला सुखरूप पोहोचली. तुम्ही स्वतः फाट्यावर गाडीत बसवून दिलंत, हे तिनं सांगितलं. सुमनला तिनं तुमच्याकडे ठेवलं ते बरोबर केलं. तिच्या आत्याबाई, आमच्या सरजाबाई, यांचा जीव नातीत अडकलेला आहे, तरी त्याही बरोबरच म्हणाल्या.

दारात उभी राहून ती मला म्हणाली, "मामा, मी ऱ्हायला आले का बघायला आले, ते मला इचारू नका." मी विचारलं नाही. माझ्या सहीचा कागद तिच्या पिशवीत आहे. तिनं फाडलेला नाही, मी मागितलेला नाही. तो तिच्याजवळच असू द्यावा.

संध्याकाळी ती चुलीपाशी बसली. सूर्यभान आला, बसला, तिच्याकडे त्यानं बघितलं की नाही मला सांगता येणार नाही. हात पुढं केला. तिनं भाकरीचा पापुद्रा ठेवला. त्यानं अर्धा खाल्ला, अर्धा भिंतीच्या बाजूला धरला. ती तिथंच होती. तिनं तो घेतला आणि खाल्ला.

तो म्हणाला, "दोर."

ती म्हणाली, "हां. लय दिस झाले."

दोर म्हणजे तो काय म्हणाला आणि हिला काय कळलं, हे मी विचारणार होतो. सरजाबाईंनी डोळे वटारले.

तिनं आल्याबरोबर पातेली आणि तवा त्याच्या हाताला येणार नाहीत अशा फळीवर चढवली. एकदा त्यानं तिलाही ढकललं. मनगट सुजलं आहे. तुम्हाला कळवू नका म्हणाली होती, पण आता मी काही झाकून लिहीत नाही. त्या दिवशी ती घराबाहेर जाऊन बसली, दिवेलागणीला आत आली. उद्या ती काय करील ते मला माहीत नाही. तिलाही नसावं.

आणखी एक. कविता मी बंद केली होती. काल शाळेची घंटा झाली आणि त्यानं धरली. मी तोंड घट्ट मिटून बसलो. तर आतून पंचफुला म्हणाली, "म्हना की मामा त्यांच्यासंगं. त्यांना कळतंय का न्हाई ऱ्हाऊ द्या, बरं तर वाटायलंय." मग आम्ही दोघं म्हणालो. तो मला दाखवायला म्हणत नव्हता आणि मी कुणाला ऐकवायला म्हणत नव्हतो. तसं मी पहिल्यांदाच म्हटलं असेन.

तुम्हाला एक विनंती करायची आहे, पाऊस उघडला म्हणजे. सुमनला एकदा घेऊन या, तुम्ही स्वतः. एका दिवसापुरती, ऊन असेतो. चुलीपासून लांब, दाराशी बसवू. तिथून सगळं दिसतं, ऐकू येतं, आणि वाटेल तेव्हा उठून जाता येतं. मी जन्माची अक्षरं तिथं बसूनच शिकलो. ती जागा मला ठाऊक आहे. मी तिच्या शेजारी बसेन.

आपला
सिताराम